यजमान उतरायचे तो वाडा: मोजणीच्या नोंदी

९ फेब्रुवारी

आज एकदाची सुरुवात केली. मामा दोन वर्षं मागे लागलाय की दिवसभर दुसऱ्यांची घरं काढत बसतेस कॉम्प्युटरवर, एकदा आपलं पण काढ की. आपलं म्हणजे आजोळचा वाडा, जुन्या नाशकात, भांडी बाजाराकडून गंगेवर उतरताना जी गल्ली लागते तिच्यात. (गोदावरीला इथे कोणी गोदावरी म्हणत नाही. गंगाच. आंघोळीला गंगेवर, भाजी आणायला गंगेवर, आणि पूर आला की गंगा आली.)

घरात पिढ्यानपिढ्या तीर्थोपाध्यायकी. रामकुंडावर श्राद्ध, अस्थी, जे काय असेल ते सांगायचं आणि गावोगावचे यजमान यायचे ते उतरायचे पण घरातच. पाटी नाही, भाड्याचा दर नाही, खोलीला नंबर नाही. जाताना ऐपतीप्रमाणे दक्षिणा ठेवायची आणि वहीत नाव लिहायचं की झालं. नदीकाठची खानावळ, लॉज आणि भटजींचं ऑफिस सगळं एकाच छपराखाली म्हणा ना.

आता २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय, मामेभावाला वाटतंय की माडीवर परत लोक ठेवू, होमस्टे वगैरे. त्यासाठी दुरुस्ती. दुरुस्तीआधी ड्रॉइंग पाहिजे, आणि फुकटात ड्राफ्ट्समन घरात असताना बाहेर कोण जातं.

काम: दर्शनी भिंत, चौक, तळमजल्याचा अर्धा भाग. लेझर मीटर आणला होता पण उन्हात लाल ठिपका दिसेना, शेवटी टेप. दर्शनी पाच खण (दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण). चौकाचे कर्ण सात इंचांनी चुकतायत, तीनदा मोजलं, तरी सातच. म्हणजे वाडाच वाकडा, मी नाही.

२३ फेब्रुवारी

तळमजला पूर्ण. मूड खराब.

२००८ च्या सप्टेंबरात मोठा पूर आला त्यानंतर मामाने एका काँट्रॅक्टरकडून खालचं सगळं "पक्कं" करून घेतलं होतं. चुन्याचा गिलावा काढून सिमेंट, खाली शहाबादीवर कोबा (काँक्रीटचा थर) आणि कोब्यावर चकचकीत टाइल्स. फरशीची पातळी पाच इंच वर आली. आता प्रत्येक खांबाच्या बुडाशी ओल आहे, गुडघ्याच्या उंचीपर्यंत सिमेंट फुगलंय, टिचकी मारली की पोकळ आवाज येतो, पांढरं मीठ बाहेर आलंय.

सागाचा खांब जमिनीत गाडत नाहीत कधी. खाली काळ्या दगडाचा तळखडा असतो, त्याच्यावर खांब नुसता बसवलेला, म्हणजे जमिनीची ओल दगडातच थांबते आणि खांबाचा पाय कोरडा राहतो. आमच्याकडे तळखडेच दिसत नाहीत! कोब्याखाली गेले. म्हणजे शंभर दीडशे वर्षं जे लाकूड दगडावर ऐटीत उभं होतं ते आता सिमेंटच्या बादलीत पाय सोडून बसलंय. चुन्याचा गिलावा ओल घेतो आणि सोडतो. सिमेंट आत शिरू देत नाही म्हणतात, पण खालून शिरलेली बाहेर पण जाऊ देत नाही हे कोणी सांगत नाही.

मामाला हे बोलले. तो म्हणाला तेव्हा सगळे हेच करत होते गं. ते पण खरंच आहे.

एक नोंद करून ठेवते, नदीकडच्या भिंतीत आणि समोर गल्लीकडच्या भिंतीत, बरोबर समोरासमोर, फरशीच्या लगत वीतभर रुंदीचे सिमेंटचे वेगळ्या रंगाचे चौकोन दिसतात. दोन्हीकडे चार-चार. काहीतरी बुजवलंय. मामा म्हणे उंदरांची बिळं असतील. एवढी चौकोनी बिळं आणि ती पण एका रेषेत? नाशिकचे उंदीर फारच शिस्तीचे.

८ मार्च

आज वह्या. मामीने पाटावर पांढरं धोतर अंथरून दिलं, हात धुवायला लावले, मग पेटी उघडली. वह्या म्हणजे लांबट, उभ्या, वरच्या बाजूने शिवलेल्या, लाल खारव्याच्या बांधणीच्या. मांडणी तारखेवर नाही, गाव आणि आडनावावर. एखादा माणूस आला की त्याला विचारायचं गाव कुठलं, आडनाव काय, आजोबांचं नाव काय, आणि दहा मिनिटांत त्याच्यासमोर त्याच्या पणजोबांच्या हातचा मजकूर ठेवायचा. मामा अजून करतो हे. मागे पुण्याहून एक आयटीतला मुलगा वडिलांच्या अस्थी घेऊन आला होता, त्याला त्याच्या पणजोबांची सही दाखवली तर तो मोबाइल काढायचा विसरला आणि नुसता बोट ठेवून बसला म्हणे त्या सहीवर.

एका नोंदीत साधारण काय असतं: कोण आले, बरोबर कोण, कोणासाठी आले, घरात नवीन जन्मलेले कोण, आणि खाली स्वतःच्या हातची सही. लिहिता येत नसेल त्याची निशाणी. शेतकऱ्याची नांगर, सुताराची वाकस, एका ठिकाणी नुसती छोटीशी तराजू.

नावं, आडनावं इथे एकही लिहिणार नाहीये, फोटो पण फक्त घरासाठी. लोकांच्या घरच्या गोष्टी आहेत त्या.

४७ वह्या मोजल्या. आज दोनच झाल्या. या वेगाने पुढचा सिंहस्थ नाही, त्याच्या पुढचा.

आणि हो, एवढ्या वह्यांत पाहुण्यांना जेवायला कोणी घातलं त्याचा एक शब्द नाही. माईला विचारलं (माई म्हणजे मामाची काकू, ८९ वर्षांची, कान पक्के, गुडघे गेलेले). म्हणाली, "श्राद्धाचा स्वयंपाक असायचा. खीर, वडे, अळूची भाजी, चटण्या. पहाटे चारला ओलेत्याने सुरू. सिंहस्थात एका दिवशी साठ पानं वाढलीत आम्ही तिघींनी. दक्षिणा तुमच्या आजोबांकडे, आणि खरकटं आमच्याकडे." हसत हसतच म्हणाली, पण म्हणाली.

२२ मार्च

आजचा दिवस सगळा एका पानावर गेला आणि अजिबात वाईट वाटत नाहीये.

जुन्या वह्या मोडीत आहेत. मोडी शिकवणाऱ्या एक मॅडम आल्या होत्या मदतीला. मोडी लिहिताना आधी ओळभर आडवी रेघ मारून घेतात आणि मग अक्षरं त्या रेघेला लटकवत जातात, लेखणी शक्यतो उचलायचीच नाही, शब्दांमध्ये जागा सोडायची नाही. त्यामुळे दिसायला दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखं, आणि कुठला सदरा कोणाचा ते आपण ओळखायचं.

पान भिजलेलं. शके १७, मग डाग, मग ४. म्हणजे १७०४ पासून १७९४ पर्यंत काहीही. पुढे महिना भाद्रपद, त्याच्यापुढे संवत्सराचं, म्हणजे पंचांगातल्या वर्षाचं, नाव, मॅडमनी भिंगातून बघून "अंगिरा" वाचलं. आता संवत्सरं साठ, चक्र फिरत राहतं, आणि हिशोब सोपा आहे: शकात १२ मिळवायचे, ६० ने भागायचं, बाकी जी उरेल तो संवत्सराचा नंबर. अंगिरा सहावा. शेवटी ४ असणाऱ्यांत दोनच बसतात, १७३४ किंवा १७९४. म्हणजे इसवी १८१२ नाहीतर १८७२. साठ वर्षांचा फरक!

म्हटलं सिंहस्थाचा उल्लेख आहे त्यावरून सुटेल. तर नाही, कारण गुरू बारा वर्षांनी सिंहेत येतो आणि पाच बारे साठ, त्यामुळे जिथे संवत्सर जुळतं तिथे सिंहस्थ पण जुळतोच जवळजवळ. डोकं धरून बसले. मग मॅडमनी शांतपणे खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "मुंबईहून आगगाडीने येणे जाहले."

थळ घाटातली (म्हणजे कसारा घाटातली) रेल्वे सुरू झाली १८६५ ला. त्याआधी मुंबईहून नाशकात आगगाडीने कोणी येऊच शकत नव्हतं. म्हणजे १८७२ चा सिंहस्थ, शके १७९४. ठप्पा!

गंमत म्हणजे स्टेशन गावात नाहीच, नाशिकरोडला, आठ-नऊ किलोमीटर लांब. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी स्टेशन ते गाव घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पण पडली, पण १८७२ ला आलेला हा माणूस बायको आणि आईला घेऊन टांग्यातून नाहीतर बैलगाडीतून धूळ खात आला असणार. पंचवटीकडे जायला पूल पण नव्हता. व्हिक्टोरिया पूल, ज्याला आता अहिल्याबाई होळकर पूल म्हणतात, तो १८९५ चा. आणि भाद्रपदात तर नदी भरलेली. म्हणजे नावेतून.

हे सगळं एका "आगगाडीने" या शब्दातून. मी ऑफिसात आठवडाभर ड्रॉइंग काढते त्यात एवढी माहिती नसते.

१२ एप्रिल

वह्या चालू. आज कामापेक्षा विचार जास्त झाला.

मामेभाऊ उत्साहात म्हणाला की आपण बोर्ड लावू, "दीडशे वर्षं सर्वांसाठी खुलं घर". मी म्हटलं थांब जरा. ३१ वह्या पाहून झाल्या आता. सर्वांसाठी वगैरे काही नाही. कोणाला माडीवर जागा, कोणाला ओसरीवर, कोणाला शेजारच्या पडवीत स्वतंत्र चूल, हे जातीवरून ठरायचं, आणि कित्येकांना दारातच जागा नव्हती. ज्यांना उतरूच दिलं नाही त्यांची नोंद वहीत कशी असेल? २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला बाबासाहेबांनी, पाच वर्षं चालला, दार उघडलं नाही. रामकुंडात आंघोळ करायला पण बंदी होती. त्या सालची वही मुद्दाम काढली. मार्च १९३० मध्ये आमच्याकडे अकरा नोंदी आहेत, नेहमीसारख्या, अस्थी, श्राद्ध, मुलगा झाला, मुलगी झाली. घरापासून चालत वीस मिनिटांवर हजारो माणसं मंदिराच्या दारात बसलीयत आणि वहीत एक अक्षर नाही.

याच्याच शेजारी गाडगेबाबा ठेवून बघा. पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९१७ ला उभी केली कारण वारीला आलेल्या महार-मांगांना नदीच्या वाळवंटात उघड्यावर पडावं लागायचं. नंतर ती त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवून टाकली. नाशकात पण गंगेवर त्यांची धर्मशाळा आहे, शेजारच्या पुलाला पण त्यांचंच नाव. स्वतः बाबा कुठल्याच धर्मशाळेत हक्काने राहिले नाहीत, खराटा घेऊन बाहेरच.

तर बोर्डाचा मजकूर कॅन्सल. मामेभाऊ जरा रुसलाय.

२७ एप्रिल

लहान कामं. दरवाज्याचं डिटेल काढलं: दिंडी (मोठ्या दारातलं छोटं दार), अडसर, चौकटीवरचा गणपती.

दाराबाहेर छपराखाली डाव्या हाताला एक लोखंडी कडी आहे, पुरुषभर उंचीवर. मला वाटलं कंदिलाची. माई म्हणाली, "ती अस्थींची." अस्थी घरात आणत नाहीत ना. रात्रीच्या गाडीने आलेले लोक कलश त्या कडीला टांगायचे, आत येऊन झोपायचे आणि सकाळी काढून रामकुंडावर न्यायचे. कधीकधी एका कडीला तीन तीन गाठोडी. "आणि बाई, रात्री कोणीतरी एक उठून बाहेर बसायचाच. एकटं कसं ठेवायचं माणसाला."

कडीचं माप घेतलं. आतला व्यास अडीच इंच. खालच्या बाजूने झिजून लोखंड निम्मं झालंय.

१८ मे

फरशी फोडली! मामाची परवानगी काढायला तीन आठवडे लागले.

चौकाच्या नदीकडच्या अंगाचे चार खांब. टाइल काढली, कोबा फोडला, खाली मूळची फरशी तशीच आहे आणि तिच्यावर तळखडे, कोनाला कमळाची पाकळी कोरलेली. खांबांची बुडं मात्र... पहिल्याला स्क्रू ड्रायव्हर टोचला तर साडेतीन इंच आत गेला, बटाट्यात जावा तसा. दुसरा आणि तिसरा बरे आहेत. चौथा पण कुजलाय. सुतारकाका म्हणाले की खराब तेवढं कापून खाली जुन्याच सागाचा तुकडा सांध्याने बसवता येईल, पूर्ण खांब बदलायची गरज नाही. वरचं लाकूड अजून घंटेसारखं वाजतंय.

मग ते चौकोन. एक फोडला. सिमेंट दीड इंचच होतं, त्याच्या आत विटांचा चुरा भरलेला, तो काढला आणि भिंतीतून आरपार उजेड आला. गुळगुळीत दगडाची मोरी, बाहेरच्या बाजूला किंचित उतार. दुसरा फोडला, तीच कथा. समोर गल्लीकडच्या भिंतीत पण तेच. आठही आरपार असणार.

मी वेड्यासारखी माईकडे पळत गेले. "माई, खाली भिंतीला भोकं कसली गं?"

"गंगेची."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? गंगा आली की आत यायला, आणि गेली की जायला. खालचा मजला काय माणसांचा होता का? खाली कोणाला कधी उतरवलंच नाही आम्ही, पावसाळ्यात तर नाहीच. बैलगाडीचं सामान, लाकडं, गोवऱ्या, एवढंच. भोकं बंद केली तेव्हा मी बोलले होते, पण तुझ्या मामाला टाइल्स हव्या होत्या."

आणि मग तिने छताकडे बोट दाखवलं. मी फेब्रुवारीपासून त्या छताखाली उभी राहून मापं घेतेय आणि बघितलं नव्हतं. कडीपाटाच्या फळ्यांमध्ये एक चौकट वेगळी आहे, दोन फूट बाय तीन, वरून उचलता येते, आणि तिच्या बरोबर वर माडीच्या तुळईला खुंटा. दोर टाकून सामान वर ओढायला.

"आधी वह्या वर," माई बोटं मोजत म्हणाली, "मग देव, मग धान्य. माणसं शेवटी, त्यांना पाय असतात."

१ जून

पुराच्या खाचा. जिन्याशेजारच्या खांबावर छिन्नीने मारलेल्या, काहींच्या शेजारी साल. ऑइल पेंटच्या चार थरांखाली होत्या, पॉलिश पेपर आणि धीर दोन्ही लागले. सालासकट तीनच वाचता आल्या. सगळ्यात वर '६९. साहजिक आहे, १९६९ चा महापूर म्हातारी माणसं अजून काल झाल्यासारखा सांगतात. ती खाच मूळ फरशीपासून ५ फूट ७ इंच. माझ्या डोक्याच्या वर.

लेव्हल पाइप (पाणी भरलेली नळी) लावून खाच ते गल्ली, गल्ली ते घाटाची पायरी अशी पातळी काढायचा प्रयत्न केला. पाइपात बुडबुडा राहिला आणि पहिलं रीडिंग चार सूत, म्हणजे अर्धा इंच, चुकलं, परत केलं. गल्लीतली पोरं पाइप धरायला आली होती, त्यातल्या एकाने तोंड लावून फुंकलं. तिसऱ्यांदा केलं.

आता नाशकात पूर मोजायची स्वतःची पद्धत आहेच की. पेपरात क्यूसेकचे आकडे येतात पण फोनवर सगळे एकच विचारतात, दुतोंड्याला कुठपर्यंत? दुतोंड्या मारुती नदीपात्रातच उभा आहे, दोन्हीकडे तोंड करून. पायाला लागलं म्हणजे काही नाही, कमरेला म्हणजे दुकानदार माल हलवायला लागतात, गळ्याला म्हणजे झालंच. त्याच्या पुढची पातळी नारोशंकराच्या घंटेची. ते देऊळ १७४७ चं, घंटा त्याहून जुनी, पोर्तुगीजांची, वसईच्या विजयानंतर आलेली, वर १७२१ साल आहे. घंटेला पाणी म्हणजे महापूर. आणि आमच्या काठाला सरकारवाड्याच्या पायऱ्या. मारुती, घंटा, पायऱ्या आणि आमचा खांब, चारही एका कागदावर आणायचे हे आता माझ्या डोक्यात बसलंय. मारुतीची उंची मोजायला जाऊ का असं मामाला विचारलं तर त्याने हात जोडले.

१५ जून

बाहेरून आलेल्या इंजिनिअर साहेबांशी मीटिंग. हुशार माणूस, वाद घालायला मजा आली. त्यांचं म्हणणं खालचा मजला तीन फूट भरून घ्या, नदीकडे काँक्रीटची भिंत घाला, पाणी आत येऊच द्यायचं नाही. माझं म्हणणं, पाणी थांबवलं की त्याचा सगळा जोर भिंतीवर. बाहेर चार फूट पाणी आणि आत कोरडं असलं की मातीच्या विटांची भिंत आत ढकलली जाते. आत-बाहेर सारखी पातळी असेल तर भिंतीला काही फरक पडत नाही, दोन्हीकडून सारखाच दाब. आणि पूर ओसरला की उलटं, आत साठलेलं पाणी बाहेर जायला वाट नसेल तर भिंत बाहेर फुगते. नदीकडची भिंत मधोमध सव्वादोन इंच बाहेर आलीये, ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) लावून दाखवलं. मामाला विचारलं केव्हापासून, तर म्हणाला २०१६ च्या पुरानंतर लक्षात आलं. भोकं बुजवली २००९ ला, त्यानंतरचा तो पहिला मोठा पूर.

साहेब बराच वेळ ओळंब्याकडे बघत बसले. मग म्हणाले भोकांना जाळी बसवा, नाहीतर साप येतील. म्हणजे पटलं.

ठरलं ते असं: खाली काहीही पक्कं नाही. सिमेंट सगळं खरवडून चुन्याचा गिलावा, मूळची फरशी उघडी, लाइटचे सॉकेट सगळे सहा फुटांच्या वर. पाहुणे फक्त माडीवर. मामेभावाचं रिसेप्शन काउंटर पण वरच, तो परत रुसलाय.

२० जुलै

दोन खांबांचे सांधे झाले. भोकं आठपैकी सात मोकळी, जाळ्या बसवल्या. गिलावा पावसात नको म्हणून थांबवलाय. वह्या ४७ पैकी ४०. गळती: माडीवर नैर्ऋत्येला, दोन कौलं.

३ ऑगस्ट

दुपारी तीनला मामीचा फोन, गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, दुतोंड्याच्या कमरेच्या वर गेलं. हाफ डे टाकून निघाले.

४:४० पोचले. गल्लीच्या तोंडाशी पाणी. चहा सांडल्यासारखं हळूहळू पसरत येतं, आवाज नाही. मामाने सवयीने वाळूची पोती आणली होती दाराला लावायला. माईने जिन्यावरून आवाज दिला, "पोती ठेव बाजूला!" मामा साठीचा आहे, पण ठेवली लगेच.

आधी वह्या. पेटी जड म्हणून वह्या गठ्ठ्यांनी बांधल्या, फळी उचलली, मामेभाऊ वरून दोर ओढतोय, मी खालून गाठ मारतेय. शेवटचा गठ्ठा वर गेला ५:२५ ला. मग देव, मग मामीचे दोन डबे.

५:५० नदीकडच्या पहिल्या भोकातून पाणी आत. आधी नुसती ओली रेघ फरशीवर, मग जीभ बाहेर काढावी तशी धार. 

६:१० चार भोकांतून चालू. तळखड्याच्या वरच्या कडेला लागलं.

६:४५ फरशीपासून ११ इंच आत. बाहेर १२. इंचाचा फरक, तो पण जाळीत कचरा अडकल्यामुळे असणार. मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून टॉर्चच्या उजेडात टेप सोडतेय आणि आकडे ओरडतेय, मामेभाऊ वर मोबाइलमध्ये टाइप करतोय.

८:३० आत १ फूट ७, बाहेर १ फूट ७. तिथेच थांबलं.

रात्री सगळे माडीवर. लाइट गेलेली. मामीने पिठलं-भात केला. खाली काळोखात पाणी खांबांना लागून हलत होतं त्याचा आवाज येत होता, चुळूक चुळूक. माई म्हणाली सिंहस्थातले पाहुणे पण असेच झोपायचे वर, ओळीने, आणि एखादं मूल रडायला लागलं की त्याची आई त्याला हा आवाज ऐकवायची.

४ ऑगस्ट

पहाटे ५:१५ ला ९ इंच. ७ ला ३. ८:४० ला फरशी दिसली. शेवटचं पाणी गल्लीकडच्या मोऱ्यांतून आपणहून गेलं, ज्या एका भोकात अजून विटांचा चुरा आहे त्याच्यासमोर मात्र डबकं राहिलंय. ते पुढच्या आठवड्यात मोकळं करायचं.

ओळंबा: नदीकडची भिंत सव्वादोन इंचच. हललेली नाही.

सांधलेले खांब: ओले, बाकी ठीक. सुतारकाकांना फोटो पाठवले, त्यांनी फक्त अंगठा पाठवला.

गाळ दोन बोटं, चिकट, माशांचा वास. मामाने छिन्नी आणली आणि १ फूट ७ वर खाच मारायला निघाला, मी म्हटलं एवढ्याशा पाण्याची कसली खाच, तर माईने वरून सांगितलं की मारू दे त्याला. मारली. साल कोरताना पहिला आकडा वाकडा आला.

राहिलेलं: सात वह्या, जाळ्या धुणे, आठवं भोक, कौलं. उद्या येताना दोन खराटे आणि जुने बूट.